६० हर्ट्झच्या टीव्हीवर होरायझन फॉरबिडन वेस्ट: मोडपेक्षा एचडीआरनंच जास्त छळलं

टीव्हीचं पॅनेल गेलेलं नव्हतं. तरी सर्व्हिसवाल्यानं पाच मिनिटांत 'पॅनेल बदलावं लागणार' म्हणून सांगितलं. जो आकडा दिला त्यात थोडी भर घातली तर नवा टीव्हीच येतो. वर पार्ट हुबळीहून येणार, आणि बेळगाव शहराबाहेर यायचे पैसे वेगळे. खरी भानगड एवढीच होती की टीव्हीचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं आणि एचडीएमआय पोर्टची दोन सेटिंग्ज मूळपदावर गेली. गेममधलं रात्रीचं आभाळ करडं दिसायला लागलं आणि एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र) गायब झालं. रिमोटवर दुरुस्त होणाऱ्या गोष्टीला पॅनेलचा भाव लावतात, याचा संताप आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सामान नेहमीचंच: डिस्कवाला पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल), आणि ४३ इंची ४के ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) टीव्ही. निपाणी, चिकोडी, खानापूरकडं बहुतेक घरांत आहे तसलाच, खोक्यावर मोठ्या अक्षरात एचडीआर लिहिलेला. वापर उन्हाळ्यापासून पूर्ण पावसाळाभर, मुख्यतः होरायझन फॉरबिडन वेस्ट या गेमसाठी.

गेममधल्या मोडला हात लावायच्या आधी कन्सोलवर एक पान उघडा. सेटिंग्ज, मग स्क्रीन अँड व्हिडिओ, मग व्हिडिओ आउटपुट, त्यात व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन. टीव्हीला खरोखर काय सिग्नल जातोय ते इथे दिसतं. ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ असायला हवं. एचडीआर चालू असेल तर अशा टीव्हीवर रंगाच्या जागी वायूव्ही ४२२ दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एचडीएमआय २.० पोर्टची क्षमता १८ गिगाबिट प्रति सेकंद. तेवढ्यात ४के, सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) आणि एचडीआर हे तिन्ही पूर्ण आरजीबीमध्ये, म्हणजे रंगाची सगळी माहिती ठेवून, मावत नाही, म्हणून कन्सोल रंगाची माहिती थोडी कमी करून पाठवतो. सोफ्यावरून फरक कळत नाही.

पण त्याच पानावर टीव्हीला एचडीआर जमत नाही असं दाखवत असेल, तर पोर्ट 'स्टँडर्ड'वर पडलंय. हे सेटिंग टीव्हीत असतं आणि प्रत्येक पोर्टला वेगळं असतं. सॅमसंगमध्ये त्याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, एलजीत एचडीएमआय अल्ट्रा डीप कलर, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली एन्हान्स्ड फॉरमॅट. कन्सोलची केबल ज्या पोर्टात आहे त्याच पोर्टचं चालू करा. केबल दुसऱ्या पोर्टात घातली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दुसरं सेटिंग काळ्या रंगाचं. कन्सोलवर आरजीबी रेंज, टीव्हीवर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल. कन्सोल लिमिटेड पाठवतोय आणि टीव्ही फुल समजतोय, तर काळं करडं दिसतं. उलटं झालं तर अंधारातला तपशील सगळा गिळला जातो, गुहेत भिंतसुद्धा दिसत नाही. दोन्हीकडं ऑटोमॅटिक ठेवा. तरी बिघडलंच तर दोन्हीकडं लिमिटेड. सर्व्हिसवाल्यानं ज्याला 'पॅनेलची लेयर गेली' म्हटलं ते हे होतं. आणि चित्र मधूनच क्षणभर काळं होत असेल तर त्याच मेनूतलं ४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट उणे १ किंवा उणे २ करून बघा. त्यानं थांबलं तर दोष केबलचा. खोक्यातली केबल एचडीएमआय २.१ ची आहे, तीच लावा. खडेबाजारात दोनशे रुपयांना मिळणारी लांब केबल सेट टॉप बॉक्सला चालेल, इथं नको.

आता मोड, म्हणजे चित्रात तपशील हवा की वेग ते गेममध्ये निवडायची सोय. फॉरबिडन वेस्टमध्ये तीन आहेत: रिझोल्यूशन, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स. रिझोल्यूशनमध्ये ४के आणि ३० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर. परफॉर्मन्समध्ये ६० फ्रेम, १६.७ मिलिसेकंद. बॅलन्स्डमध्ये ४०, म्हणजे २५ मिलिसेकंद. आकडे बघितले तर ४० हे ३० च्या जवळचं वाटतं, पण वेळेच्या हिशेबात २५ हा ३३.३ आणि १६.७ च्या बरोबर मध्ये बसतो. म्हणून हातात कंट्रोलर घेतल्यावर तो वाटतो त्यापेक्षा बराच सुटसुटीत. अडचण एकच, हा मोड १२० हर्ट्झच्या टीव्हीवरच चालतो. १२० ला ४० नं नेमका ३ चा भाग जातो, ६० ला जात नाही. साध्या टीव्हीवर काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दाखवाव्या लागल्या असत्या, आणि चालताना चित्र धक्के खात पुढं सरकलं असतं. त्यामुळं आपल्या टीव्हीसाठी बॅलन्स्डचा विचार सोडा.

राहिले दोन. सुरुवातीला रिझोल्यूशन मोडकडंच कल होता. गेममधल्या प्लेनसाँग वस्तीच्या शेतातून चालताना एकेक पान कोरून काढल्यासारखं दिसतं, तपशिलात परफॉर्मन्स त्याच्या मागेच राहतो. आता मत बदललंय. थंडरजॉ या अजस्र यंत्राच्या अंगावरचा एखादा भाग बाणानं टिपायचा असतो तेव्हा कॅमेरा सतत फिरतो, आणि ३० फ्रेममध्ये फिरणारं चित्र पुसट होतं. त्या क्षणी ४के कागदावरच राहतं, डोळ्याला काही मिळत नाही. २०२२ मध्ये गेम आला तेव्हा परफॉर्मन्स मोडमध्ये गवत आणि झाडांच्या कडा चमचमायच्या, ती तक्रार रास्त होती. त्याच वर्षीच्या अपडेटमध्ये ते बरंच निवळलं. जुने व्हिडिओ बघून रिझोल्यूशन निवडणाऱ्यांनी एकदा आजचा गेम चालवून बघावा. परफॉर्मन्सच ठेवा.

रिझोल्यूशन ठेवायचाच असेल तर टीव्हीचं मोशन स्मूदनिंग लावून ३० चे ६० करायला जाऊ नका. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवतो, त्याला वेळ लागतो, आणि बटण दाबल्यावर गेमची नायिका अ‍ॅलॉय उशिरा उडी मारते. टीव्हीत गेम मोड चालू असला की ही भानगड आपोआप बंद राहते.

आता एचडीआर. सगळ्यात जास्त वेळ यानंच खाल्ला, आणि सगळ्यात जास्त फरकही यानंच पडला.

स्वस्त ४के टीव्ही एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, पण दाखवू शकत नाही. या टीव्हींची चमक साधारण ३०० निट्सच्या (निट हे चमक मोजायचं एकक) आसपास, आणि पडद्यामागची लाईट भागाभागानं कमी-जास्त करायची सोय नाही. गेम मात्र हजार निट्स आणि त्याहून जास्त गृहीत धरून सिग्नल देतो. मग टीव्ही ते सगळं आपल्या ३०० मध्ये कोंबतो: मधल्या उजेडाचे भाग काळवंडतात आणि मागची लाईट कायम शंभर टक्क्यांवर असल्यानं काळा काळा राहत नाही. दिवसा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत फॉरबिडन वेस्टचा भर दुपारचा प्रसंगसुद्धा तिन्हीसांजेचा वाटतो. एवढी मेहनत घेऊन बनवलेलं चित्र असं मळकं बघणं जिवावर येतं.

कन्सोलचं 'ऑलवेज ऑन' तर बिलकुल ठेवू नका. त्यात साधे गेम आणि मेनूसुद्धा एचडीआरच्या वेष्टनात जातात आणि फिके पडतात. 'ऑन व्हेन सपोर्टेड' ठेवा. दिवसा खेळणार असाल तर सरळ ऑफ करा, टीव्ही गेम मोडवर ठेवा आणि बॅकलाईट वाढवा. चित्र उठावदार, रंग खरे.

हा पुढचा भाग नंतर जोडतोय, कारण वरचं मत अर्धंच बरोबर ठरलं. कॅलिब्रेशन नीट केलं तर रात्री अंधाऱ्या खोलीत याच टीव्हीवर एचडीआर चांगलं दिसतं. क्रम महत्त्वाचा. आधी एचडीआर चालू असतानाच टीव्हीचा गेम मोड निवडा, कारण बहुतेक टीव्ही साध्या आणि एचडीआर चित्राची सेटिंग्ज वेगवेगळी साठवतात. मग डायनॅमिक टोन मॅपिंग (टीव्हीनं चमक स्वतःच बदलत राहणं) बंद करा, एचजीआयजी (चमक ठरवणं कन्सोलवर सोडणारा) पर्याय असेल तर तो घ्या. त्यानंतर कन्सोलवर अ‍ॅडजस्ट एचडीआर. पहिल्या दोन पडद्यांवर चिन्ह जेमतेम दिसतंय तिथं थांबा. कितीही वेळा वर दाबलं तरी चिन्ह हटत नसेल तर टोन मॅपिंग अजून चालूच आहे, मागं जाऊन ते बंद करा. तिसरा पडदा काळ्याचा, तो सगळ्यात खाली न्या. शेवटी गेममधली ब्राइटनेसची पट्टी, तिला याआधी हात लावायचा नाही. खोलीतला बल्ब बंद करूनच हे सगळं करा. एवढं केल्यावर रात्रीच्या प्रसंगात यंत्रांचे दिवे उठून दिसतात आणि आभाळही काळं राहतं.

बाकी गेमचं थोडक्यात. सायबरपंक २०७७ आणि द विचर ३ मध्ये रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारा) मोड ३० फ्रेमचा आहे. ६० हर्ट्झवर दोन्हीकडं परफॉर्मन्सच. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर ३० च देतो, त्यात निवडायचं काही नाही; एचडीआर लावलंच तर गेम आणि सिनेमॅटिक असे दोन पर्याय आहेत, पैकी गेम घ्या. एल्डन रिंगचं प्रकरण वेगळं. पीएस ५ ची आवृत्ती फ्रेम रेट मोडमध्येही ६० वर टिकत नाही. व्हीआरआरनं (गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीनं आपले हर्ट्झ बदलणं) झाकलं जातं, पण ते आपल्या टीव्हीत नाही, आणि पीएस ५ चं व्हीआरआर ४८ च्या खाली कामही करत नाही. उपाय आहे: त्याच गेमची पीएस ४ आवृत्ती पीएस ५ वर उतरवा. चित्र थोडं साधं, पण ६० जवळजवळ पक्के. सुरुवातीलाच ठरवा मात्र, पीएस ४ चं सेव्ह पीएस ५ वर नेता येतं, उलटं नाही.

आपल्याकडं आणखी एक सेटिंग लागतं, ते कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत: रेस्ट मोड, म्हणजे कन्सोल पूर्ण बंद न करता झोपवून ठेवणं. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना लाईट गेली की अर्धवट थांबवलेला गेम जातो आणि पुढच्या वेळी स्टोरेज तपासणी सुरू होते. पावसाळ्यात पूर्ण बंदच करा, आणि होरायझनमध्ये शेकोटी दिसली की सेव्ह करूनच पुढं जा. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्ह हवा आणि यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर पालटायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. पीएस ५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, टीव्ही धरून ३००. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर ६ तास देते. इन्व्हर्टरमधली गळती, जोरात उपसल्यावर घटणारी क्षमता आणि घरातला पंखा-दिवा धरला तर साडेतीन तासांच्या वर जाऊ नका.

काचेच्या शोकेसमध्ये कन्सोल ठेवू नका. हवा पुढून आत जाते, मागून गरम बाहेर पडते. मागं किमान १० सेंटिमीटर मोकळं हवं. सोनीनं ठरवलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश आहे, आणि एप्रिल-मे मध्ये अथणी, चिकोडीकडं दुपारी पारा त्याच्या वर जातो. त्या वेळी खेळू नका. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बाजूच्या पट्ट्या काढल्या की धूळ गोळा करणारी छिद्रं दिसतात, तिथं व्हॅक्युम लावायचा. उद्यमबागजवळ राहणाऱ्यांनी तर फाउंड्रीची काळी धूळ बघता हे पुढं ढकलू नये.

जागेचं एक. ८२५ जीबीच्या मॉडेलमध्ये वापरायला मिळतात ६६७. एसएसडी (कन्सोलच्या आत बसवायची जलद डिस्क) विकत घ्यायच्या आधी घरातली जुनी यूएसबी हार्ड डिस्क लावा. पीएस ५ चे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत, पण पीएस ४ चे थेट तिच्यावरून चालतात, वर सांगितलेली एल्डन रिंगची आवृत्तीसुद्धा. लोडिंग हळू होईल तेवढंच. एसएसडी घेणारच असाल तर चौथ्या पिढीची एनव्हीएमई, ५५०० एमबी प्रति सेकंद वाचणारी, हीटसिंकसह एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. दुकानदार तिसऱ्या पिढीची स्वस्तात देतो म्हणेल, ती कन्सोल घेतच नाही.