वनहक्क मिळाला, आता जंगल राखायला पैसा कुणाचा घ्यायचा?

सामूहिक वनहक्काचं, म्हणजे गावाचं जंगल ग्रामसभेने राखायच्या आणि वापरायच्या हक्काचं, अधिकारपत्र हातात आलं की गावात काही दिवस सणासारखे जातात. मग दारात माणसं येऊ लागतात. वनखात्याचा माणूस म्हणतो, जुनी समिती पुन्हा उभी करा, निधी आणून देतो. एखादी संस्था कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या पैशातून) दहा हजार रोपं लावायचा प्रस्ताव आणते. विडीसाठी तेंदूची पानं घेणारा ठेकेदार आगाऊ रक्कम देऊ करतो. अलीकडे आणखी एक पाहुणा वाढला आहे, तो म्हणजे कार्बन क्रेडिटवाला, जंगलाने साठवलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं बाजारात विकणारा. त्याच्या बॅगेत तीस-चाळीस वर्षांचा करारनामा असतो.

मी पूर्व विदर्भातल्या ग्रामसभांना कॅशबुक लिहायला आणि ठराव मांडायला मदत करते. त्यामुळे हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो : यातलं कुणाचं घ्यायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. जंगल राखण्याचा दरवर्षीचा खर्च जंगलाच्या उत्पन्नातूनच निघाला पाहिजे. बाहेरचा पैसा एकदाच्या कामाला घ्यावा, आणि तो उद्या बंद झाला तरी राखण थांबणार नाही इतकाच घ्यावा.

म्हणून पैसा कुणाचा हे ठरवण्याआधी खर्च कसला ते वहीत दोन रकान्यांत लिहून काढा. पहिल्या रकान्यात दरवर्षी येणारा खर्च : गस्त, उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणं, वणवा विझवायला धावणाऱ्यांची मजुरी, बैठका, हिशेबनीस, लेखापरीक्षण. दुसऱ्यात एकदाचा : हद्दीच्या खुणा, व्यवस्थापन आराखडा, माती-पाण्याची कामं, गोदाम, वजनकाटा. बहुतेक गावं हे दोन्ही एकात मिसळतात आणि फसतात ती तिथेच. प्रकल्पाच्या पैशातून राखणदार नेमतात, प्रकल्प संपतो, राखणदार घरी बसतो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जंगल जळतं.

जंगलाचा स्वतःचा पैसा

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या कलम 3 नुसार बांबू आणि तेंदूपत्त्यासह गौण वनोपजाची (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची) मालकी ग्रामसभेकडे येते, आणि सामूहिक वनाचं संरक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करण्याचा हक्कही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आज कुणी ग्रामसभेचा अध्यक्ष ट्रकवाल्याला पास फाडून देतो, तेव्हा त्या कागदामागे ही दोन वर्षांची लढाई असते.

या पैशाची सगळ्यात मोठी बाजू म्हणजे त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. खातं ग्रामसभेचं, सही ग्रामसभेची, खर्चाचा ठराव ग्रामसभेचा. आणि जंगल बिघडलं तर पुढच्या वर्षी उत्पन्न घटतं, त्यामुळे राखणीचं कारण कुणी बाहेरून समजवावं लागत नाही.

पण धोकाही इथेच आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. तेंदूचा भाव गावाच्या हातात नसतो. 2017 च्या हंगामात भाव चांगलेच चढले. त्याच वर्षी जुलैमध्ये तेंदूपत्त्यावर 18 टक्के जीएसटी लागला आणि पुढच्या हंगामात भाव खाली आले. ज्यांनी चांगल्या वर्षातली सगळी रॉयल्टी घरोघर वाटून टाकली होती, त्यांच्याकडे वाईट वर्षात जाळरेषेलाही पैसे उरले नाहीत. शिवाय ठेकेदाराने पैसे थकवले तर एकटी ग्रामसभा वर्षभर चकरा मारत राहते. मी स्वतः असे हिशेब पाहिले आहेत ज्यात मे महिन्यात तोडलेल्या पानांची बाकी पुढच्या होळीपर्यंत आली नव्हती. बायकांनी पहाटे चारला उठून तोडलेली पानं असतात ती.

यावर उपाय गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्याने काढला. तिथल्या सुमारे 90 ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. एकट्या गावाला ठेकेदार दाबतो, पण इतकी गावं एकत्र बसली की अटी त्यांना घालता येतात. तुमच्या आसपास असं काही नसेल, तर निदान शेजारच्या चार-पाच गावांशी बोलून एकत्र लिलाव करा.

उत्पन्न म्हणजे काहीही तोडून विकणं नव्हे, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दाखवलं. 2012 मध्ये त्यांना सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाला. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण चांगल्या पानांसाठी झुडपं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूवर भर दिला. मोठं उत्पन्न सोडून द्यायचा निर्णय बाहेरच्या कुणी लादला नव्हता, म्हणूनच तो टिकला असं मला वाटतं.

वनखात्यामार्फत येणारा पैसा

यात दोन वेगळ्या पिशव्या आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिली संयुक्त वनव्यवस्थापनाची. केंद्राचा ठराव 1 जून 1990 चा, महाराष्ट्राने 1992 मध्ये ते स्वीकारलं. समिती गावाची असते, पण सचिवपदी वनखात्याचा कर्मचारी आणि खातं संयुक्त सहीचं. ही व्यवस्था मी निकालात काढत नाही. 1990 च्या दशकात मेंढ्यानेही ती स्वीकारली होती आणि तिच्यातून खूप काही शिकलं. ज्या गावाचा दावा अजून प्रलंबित आहे, किंवा जे व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये आहे आणि गॅस, कुंपण, पर्यटनातला रोजगार यांची वाट पाहतं आहे, त्याने ती घ्यावी. पण अधिकारपत्र मिळाल्यावर तुमच्या सामूहिक वनाचा कारभार पुन्हा या समितीकडे देऊ नका. 2012 च्या सुधारित नियमांनुसार त्या वनासाठी ग्रामसभेने स्वतःची समिती नेमायची असते, आणि ती ग्रामसभेलाच उत्तर देते. एकाच जंगलावर दोन समित्या बसल्या की भांडण गावातच लागतं.

दुसरी पिशवी कॅम्पाची, म्हणजे प्रतिपूरक वनीकरण निधीची. कुठेतरी खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन जाते. ती घेणारा वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचं निव्वळ मूल्य भरतो. तो पैसा यात जमतो. 2016 मध्ये त्याचा कायदा झाला, 2018 मध्ये नियम आले. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47,436 कोटी रुपये दिले. भारतात जंगलासाठी एवढा मोठा निधी दुसरा नाही.

एवढा पैसा असूनही मी तो ग्रामसभेला सावधपणे घ्यायला का सांगते? कारण त्यातून काय करायचं हे बहुधा आधीच ठरलेलं असतं : रोपवन. किती हेक्टर, किती रोपं, किती खड्डे. तुमच्या जंगलात मोह, चारोळी, तेंदू आपोआप उगवत असेल, तर त्याला खड्ड्यांची नव्हे, आगीपासून आणि चराईपासून चार-पाच वर्षं जपण्याची गरज असते. देशभरातून तक्रारी आल्या आहेत त्या याच, की लोकांच्या वापरातल्या जमिनीवर न विचारता रोपवनं आली. नियमांत ग्रामसभेशी सल्लामसलत करण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करा. कॅम्पाचं काम घ्यायचंच असेल तर ठरावात कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा वनखात्याचा नंबर) लिहा, कोणत्या जाती लावायच्या ते लिहा, आणि जिथे नैसर्गिक पुनरुत्पादन चांगलं आहे तिथे एकही खड्डा नको हे स्पष्ट लिहा.

रोहयो

याबद्दल थोडंच सांगायचं आहे, कारण गाव ते जाणतं. मजुरी उशिरा येते, मोजमापाचा त्रास होतो. तरीही एकदाच्या कामांना यापेक्षा चांगला बाहेरचा पैसा मी पाहिलेला नाही, कारण तो गावातल्याच हातांना मिळतो आणि मागे कसली अट ठेवत नाही. अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर बघा. 2012 मध्ये 192 हेक्टर ओसाड, उघडं जंगल त्यांच्या वाट्याला आलं. रोहयोतून माती-पाण्याची आणि लागवडीची कामं केली, जंगल राखलं, पुढे सीताफळं स्वतःच्या नावाने शहरात विकायला लागले. बाहेरच्या पैशाने जंगल सावरलं आणि जंगल उत्पन्न देऊ लागलं. मी सांगते तो क्रम हाच.

सीएसआर आणि देणग्या

2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. हा पैसा वेळेवर येतो, कागदपत्रं कमी लागतात, माणसं आपुलकीने बोलतात. पण प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो आणि अहवालाला मोजता येण्याजोगं काहीतरी हवं असतं. रोपं मोजता येतात. न लागलेला वणवा मोजता येत नाही. त्यामुळे गोदाम, वजनकाटा, मोहफुलं सुकवायच्या जाळ्या, तरुणांना जीपीएसवर हद्द मोजायचं प्रशिक्षण यासाठी हा पैसा जरूर मागा. राखणदाराच्या पगारासाठी नको.

दाता मोठा असला म्हणून टिकाऊ असतो असंही नाही. अ‍ॅमेझॉनचं जंगल राखण्यासाठी ब्राझीलचा अ‍ॅमेझॉन निधी 2008 मध्ये सुरू झाला. एकट्या नॉर्वेने त्यात एक अब्ज डॉलरहून अधिक घातले. 2019 मध्ये तिथल्या सरकारने निधी चालवणाऱ्या समित्या मोडल्या, देणाऱ्यांनी हात आखडला, आणि 2023 पर्यंत नव्या कामांना पैसा थांबला. राजधान्यांमधल्या बेबनावावर नदीकाठच्या गावाचा काय इलाज चालणार?

कार्बन क्रेडिट

इथे थोडं थांबते, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत आणि सही सर्वांत लांबची आहे.

पाहुणा सांगतो, तुमच्या जंगलात कार्बन साठलेला आहे, त्याचे पैसे मिळतील. हे अर्धं खरं आहे. पैसा जंगल असल्याचा मिळत नाही. ते तुटणार होतं आणि या प्रकल्पामुळे वाचलं, किंवा उजाड जमिनीवर नव्याने वाढलं, एवढ्या फरकाचाच मिळतो. म्हणजे ज्या गावाने तीस वर्षं पोटाला चिमटा काढून जंगल जपलं, त्याच्या वाट्याला हिशेबात कमी येतं. मला हे अन्यायाचं वाटतं, पण बाजार असाच चालतो आणि गावाला ते आधी कळलं पाहिजे.

चांगली उदाहरणं आहेत. मेघालयात पूर्व खासी टेकड्यांमध्ये हिमांनी, म्हणजे खासींच्या पारंपरिक स्थानिक सत्तांनी, एकत्र येऊन सुमारे 27,000 हेक्टरचा प्रकल्प 2011 पासून चालवला. केनियात गाझी उपसागराच्या काठी खारफुटीचा प्रकल्प 117 हेक्टरचा, लहानसा. त्याच्या उत्पन्नातून शाळा आणि पाण्याची कामं झाली. दोन्हीकडे प्रकल्पाची मालक स्थानिक संस्था आहे. उलट उदाहरण झिंबाब्वेतल्या करिबाचं. तो जगातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता. 2023 मध्ये त्याच्या क्रेडिटच्या आकड्यांवर आणि पैशाच्या वाटपावर गंभीर प्रश्न उभे राहिले, आणि तो चालवणारी युरोपीय कंपनी बाजूला झाली. कंपनीला बाजूला होता आलं, गावं कुठे जाणार?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वनहक्क कायद्यात कार्बनचा उल्लेखच नाही. म्हणून करारात चार गोष्टी मराठीत लिहून मिळेपर्यंत सही करू नका : क्रेडिटची मालकी कुणाची, एकूण विक्रीतला किती हिस्सा ग्रामसभेचा (खर्च वजा करून उरलेल्यातला नव्हे), सरपण, चराई आणि बांबूतोडीवर काय बंधन येणार, आणि ग्रामसभेला करार कधी व कसा मोडता येईल. करार गोंडी, माडिया किंवा तुमच्या गावात जी बोली चालते तिच्यात वाचून दाखवायला सांगा. ज्या बायका रोज जंगलात जातात त्या समोर असल्या पाहिजेत. चाळीस वर्षांनी आज पाळण्यात असलेलं पोर तो करार पाळत असेल.

मग तुमच्या गावाने काय करावं?

बांबू किंवा तेंदूचं बरं जंगल असेल तर निर्णय सोपा आहे : स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहा, रोहयो जोडा, कार्बनवाल्याला पाच वर्षांनी यायला सांगा. जंगल उजाड असेल तर पहिली चार-पाच वर्षं बाहेरचा पैसा लागणारच; तेव्हा रोहयो आधी, सीएसआर नंतर, कॅम्पा तुमच्या अटींवर. गस्तीला पैसाच नसेल तर ओडिशातली ठेंगापल्ली आठवा. आज ज्या दोन-चार घरांची पाळी, त्यांनी काठी घेऊन जंगलात जायचं, संध्याकाळी ती काठी शेजाऱ्याच्या दाराशी उभी करायची. सकाळी दार उघडलं की पाळी कुणाची ते कळतं. कित्येक गावांनी या काठीवर जंगलं राखली.

आणि उत्पन्न सुरू होणार असेल, तर वाटपाच्या आधी राखणीचा हिस्सा बाजूला काढा. नेपाळमध्ये सामुदायिक वनगटांना उत्पन्नातला किमान 25 टक्के भाग जंगलावर खर्च करावा लागतो. तिथे 22,000 हून अधिक गट आहेत. आपल्या कायद्याने असा आकडा घातलेला नाही, तो ग्रामसभेने घालायचा. मी गावांना चौथा हिस्सा राखणीला, आणि चांगल्या वर्षी आणखी थोडा वाईट वर्षासाठी, असं सुचवते. काही ठिकाणी यावरून मोठी भांडणं झाली. घरात पैसा हवा असतो, मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो, हे सगळं खरं आहे. म्हणूनच हा ठराव पैसा हातात येण्याआधी व्हावा लागतो. तेंदूचे लिलाव हिवाळ्यात उरकतात. तेव्हा दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत, धान कापून झालं की, कोरम पूर्ण करून हा एवढा एकच विषय घ्या आणि आकडा इतिवृत्तात लिहून घ्या.