डेमासोनी मासे म्हणून केन्यी गळ्यात मारले, १२,६०० रुपये गेले

ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे सगळ्यांना माहीत आहेत. माझ्याकडे मासे आले, जिवंत आले, म्हणूनच मी बेसावध राहिलो.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले खडकांत राहणारे म्बुना मासे मी सहा वर्षं पाळतोय, नवखा नाही. त्यातले डेमासोनी जातीचे हवे होते. हे टांझानियाच्या बाजूच्या पोम्बो रॉक्सचे, जेमतेम तीन इंचांचे, पण आपसांत जीव जाईपर्यंत भांडतात. बारा-पंधरा ठेवले की मार वाटला जातो, म्हणून एकदम पंधरा घेतले. ६५० प्रमाणे ९,७५०, पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सचं पार्सल ८५०. १०,६०० रुपये यूपीआयने आधीच दिले. पिल्लांचे आईबाप थेट पोम्बोचे, असं विकणारा म्हणाला. व्हिडिओ पाठवला तो निळ्या लाइटखालचा. तुम्ही साध्या उजेडातला मागा, आणि आजची तारीख लिहिलेला कागद टाकीला लावून मागा. मी मागितला नाही.

पहाटे खोकं उघडलं. दीड इंची पिल्लं, अंग फिकट आकाशी, पट्टे बारीक आणि करडे. डेमासोनीचं पिल्लूसुद्धा गर्द निळं असतं, पट्टे जवळजवळ काळे. पिशवी उजेडाला धरून मी चांगला मिनिटभर बघत होतो. त्या मिनिटाला मला कळायला हवं होतं! फोन केला तर म्हणे, "दादा, प्रवासाने रंग उडालाय, आठ दिवसांत येईल." प्रवासात मासा फिका पडतोच, त्यामुळे मला पटलं. कोणालाही पटलं असतं.

दोन महिन्यांनी सगळ्यात मोठा मासा पिवळा पडायला लागला. डेमासोनीचे नर-मादी दोन्ही निळेच राहतात. निळ्याचा पिवळा होतो तो केन्यीचा नर. ही जात आडदांड, पाच इंचांपर्यंत वाढणारी. तोवर त्यांनी माझे चार यलो लॅब (पिवळे म्बुना) शेपट्या कुरतडून मारले होते. त्यातल्या एका मादीच्या तोंडात अंडी होती, हे मासे अंडी तोंडातच सांभाळतात.

विकणारा म्हणाला, "बदलून देतो, २,००० डिपॉझिट टाका." टाकले, कारण आधीचे दहा हजार वाचतील असं वाटलं. त्यानंतर ब्लॉक. डिपॉझिट मागितलं की समजा, दुसऱ्यांदा लुटतोय.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "मासे मिळाले ना? मग फसवणूक कसली?" तिथून सायबरकडे, सायबरकडून परत ठाण्यात. तीन फेऱ्या, तीन रजा. एका साहेबांनी विचारलं, "खायचे होते का?" आणि अख्खी खोली हसली. कोणी विकणाऱ्याचा नंबरसुद्धा लिहून घेतला नाही, यूपीआय आयडी मीच कागदावर लिहून दिला. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात जा म्हणतात, पण पार्सलवरचं नाव-पत्ता खोटा, मग नोटीस कोणाला काढू? हातात एक शिक्का मारलेली पोचपावती आहे, बाकी काही नाही.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे दोन महिने घालवू नका. खोकं उघडताना शूटिंग करा.

अकरा केन्यी अजून टाकीत आहेत. जवळचा दुकानदार घ्यायला तयार आहे, पण लहान निळ्या माद्या तो कोणत्या नावाने विकेल हे मला माहीत आहे. त्याला देणार नाही.