ओपनडब्ल्यूआरटी आणि वायरगार्ड : उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या निवास-न्याहारीच्या घरात एकाच इंटरनेट जोडणीवर बिलांचा संगणक, आवाराभोवतीचे कॅमेरे व त्यांचा रेकॉर्डर आणि पाहुण्यांचे मोबाईल चालतात. या सर्वांच्या पुढे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त कार्यप्रणाली) चालणारा एक छोटा राउटर बसवला आहे आणि बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्यासाठी वायरगार्ड (गुप्त बोगद्यासारखी जोडणी देणारे व्हीपीएन) हा एकच मार्ग ठेवला आहे. मे महिन्याची गर्दी आणि त्यानंतरचा पूर्ण पावसाळा पाहून झाल्यावर हे लिहीत आहे.

कॅमेरे लांबून पाहता यावेत म्हणून राउटरवर रेकॉर्डरसाठी पोर्ट (बाहेरून आत येण्याचा क्रमांकित दरवाजा) उघडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि माझा तिला ठाम विरोध आहे. मालकाला मुंबईहून जे लॉगिनचे पान दिसते, तेच जगातल्या कोणालाही दिसते. २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातले पासवर्ड तसेच राहिलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच साहाय्याने डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटरसारखी संकेतस्थळे अनेकांना काही तास उघडत नव्हती. वायरगार्डचे वागणे याच्या उलट आहे : तो एकाच यूडीपी पोर्टवर ऐकतो आणि ओळखीच्या किल्लीचा (प्रत्येक उपकरणाच्या गुप्त सांकेतिक खुणेचा) पुरावा नसलेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. राउटरच्या लॉगमध्ये टेलनेटच्या (दूरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीच्या) २३ क्रमांकाच्या पोर्टवर दिवसरात्र धडका बसताना दिसतात. त्या सगळ्या फायरवॉलवरच (राउटरमधल्या नको ती ये-जा अडवणाऱ्या भिंतीवरच) संपतात.

उभारणीत सर्वाधिक वेळ गेला तो आयपी पत्त्याच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या क्रमांकाच्या, प्रश्नात. सेवादात्याने दिलेला पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून सेवादात्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखीव आहे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून कोणी थेट आपल्या राउटरपर्यंत पोहोचूच शकत नाही. जादा पैसे भरून स्थिर आयपी घेतला, फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला (म्हणजे तो पत्ता थेट माझ्या राउटरला मिळाला), आणि मगच वायरगार्ड जोडला गेला. असे काही करण्यापूर्वी राउटरवर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता आणि आपला आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता एकच आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो आणि मध्ये उभी असते ती केवळ फायरवॉल. ओपनडब्ल्यूआरटी बाहेरून आपणहून येणारी जोडणी मुळातच अडवतो, आणि तो नियम आयपीव्ही६ लाही लागू असतो.

आत मी वेगवेगळे झोन (एकमेकांपासून तोडलेले भाग) केले आहेत. पाहुण्यांच्या वायफायला राउटरकडून फक्त पत्ता आणि डीएनएस मिळते. तिथून इंटरनेटला जाता येते, बिलांच्या संगणकाकडे नाही. कॅमेऱ्यांना तर इंटरनेटच नाही. त्यातून एक अडचण निघाली : बाहेरचा वेळ-सर्व्हर बंद झाल्याने रेकॉर्डरचे घड्याळ हळूहळू मागे पडू लागले, आणि चुकीच्या वेळेचे चित्रण पोलिसांपुढे ठेवून काय उपयोग? राउटरलाच एनटीपी (अचूक वेळ देणारा) सर्व्हर म्हणून चालू करून रेकॉर्डरमध्ये त्याचा पत्ता घातला, तेव्हा ते सुटले.

दुसरी अडचण अधिक चकवणारी होती. मोबाईलच्या डेटावरून वायरगार्ड जोडला जाई, रेकॉर्डरचे पान अर्धवट उघडे आणि चित्र अडकून बसे. आमची जोडणी पीपीपीओईची (वापरनाव-पासवर्ड देऊन जोडली जाणारी) असल्याने तिचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची बाइटमधली कमाल लांबी, १५०० ऐवजी १४९२ असतो, त्यात वायरगार्डचे स्वतःचे आवरण, आणि वर मोबाईल कंपनीची मर्यादा. फोनमधल्या वायरगार्डमध्ये एमटीयू १२८० केल्यावर चित्र सुरळीत आले.

पावसाळ्यात वीज गेली-आली तरी राउटर दर वेळी आपोआप पूर्ववत झाला. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर असले पाहिजेत, एवढेच. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे वायफाय मागच्या खोल्यांत पोहोचत नाही, तिथे केबल टाकून वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा लागला. सेटिंग करणाऱ्याला थोडे वाचावे लागते, आणि नवी आवृत्ती आली की वेळ काढून चढवावीच लागते. ज्याला हे जमणार नाही, त्याने जाणकाराकडून करून घ्यावे, पण पोर्ट उघडून घेऊ नये.

घरातल्या प्रत्येक फोनला मी वेगळी किल्ली दिली आहे. फोन हरवला तर राउटरवरून त्या एकाच फोनची नोंद काढून टाकायची. बाकीच्यांना कशालाही हात लावावा लागत नाही.