साडेतेवीस हजारांची सीट आणि कपड्यांच्या दोरीचा हूक

हे लिहू की नको, असं चार महिने चाललं होतं. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी गोव्यातल्या डिचोलीचा, नोकरी वेर्ण्याला एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाची सर्टिफिकेटं तपासायची, बॅच नंबर जुळवायचे, एक आकडा चुकला तरी ट्रक गेटवरून परत पाठवायचा, हे माझं काम. आणि स्वतःच्या खिशातले पैसे मोजताना मी साधं लेबल वाचलं नाही.

छंद ऑटोक्रॉसचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे कोन मांडतात, एका वेळी एकच गाडी सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. वेग फार नसतो, बहुतेक फेरी दुसऱ्या गियरमध्येच संपते. पण वळणं एकापाठोपाठ एक, डावं संपतंय तोवर उजवं. गाडी माझी २०१२ची स्विफ्ट, तीच रोज ऑफिसला जाते, तीच रविवारी धुळीत लोळते.

अडचण गाडीची नव्हती, माझ्या बुडाची होती. डाव्या वळणावर मी उजवीकडे दारावर जाऊन आदळायचो, उजव्या वळणावर हँडब्रेकच्या अंगावर. असं घसरायला लागलं की माणूस नकळत स्टेअरिंगला लटकतो. मग हात गाडी वळवत नाहीत, आपलं शरीर सावरत बसतात, आणि चाकांना झटके मिळतात. एकदा तर उजव्या गुडघ्याने काचेचं बटण दाबलं गेलं. फेरीच्या मध्यावर काच सरसर खाली आली आणि मैदानातली लाल माती माझ्या तोंडात. मैदानावरची पोरं अजून हसतात.

आवाक्यातला उपाय शोधायला हवा होता. मला मात्र रेसिंगच्या व्हिडिओत दिसते तशी बकेट सीट हवी होती. आतून लाल, बाजूला कान, चार पट्ट्यांचा हार्नेस. ही माझी हौस, तिचा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

मैदानावरच्या एकाने एक नंबर दिला. मडगावच्या बाजूला भाड्याच्या शेडमध्ये सुटे भाग विकणारा माणूस. बोलणं लोण्यासारखं. "दादा, हा माल फॉरेनच्या रॅलीतल्या गाडीवरून उतरवलाय. एफआयएचं लेबल आहे बघा." फोटो आले. लेबल चकचकीत, त्यावर आंतरराष्ट्रीय मोटर स्पोर्टच्या त्या संघटनेची तीन अक्षरं, आकडे, चांदीसारखी चमक. सीट १४ हजार, हार्नेस साडेसहा, बसवायचे तीन. एकूण साडेतेवीस हजार. मी म्हटलं विचार करतो, तर संध्याकाळी मेसेज, "दादा, कोल्हापूरचं गिऱ्हाईक निघालंय, उद्या सकाळी पोचेल." त्या कोल्हापूरकराने मला रात्रभर झोपू दिलं नाही. सकाळी पाच हजार आगाऊ पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर टॅक्सचे वेगळे द्यावे लागतील. मी शहाण्यासारखा टॅक्स वाचवला.

बसवताना त्याने मला शेडमध्ये थांबू दिलं नाही. "ऊन फार आहे, तुम्ही समोर चहा घ्या, दोन तासांत करतो." इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. कारखान्यात पुरवठादार म्हणाला असता, की तपासणीच्या वेळी तुम्ही बाहेर थांबा, तर मी त्याला हाकलला असता.

परत आलो तेव्हा सीट बसलेली. आत शिरलो, पट्टे आवळले आणि खरं सांगतो, डोळे मिटावेसे वाटले. चारी बाजूंनी कुणीतरी घट्ट धरल्यासारखं. उभ्या गाडीत बसून हार्नेस बरा की वाईट हे कुणालाच कळत नाही, खोटासुद्धा तितकाच घट्ट लागतो. त्याने फोटो काढला, मी अंगठा वर केला. कंपनीची सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत टाकून दिली. बेल्टचं बकल त्या जुन्या सीटच्या सांगाड्याला होतं, ते तिच्याबरोबरच गेलं. म्हणजे मूळचा तीन-बिंदू बेल्ट आता खांबाला नुसताच लोंबकळत होता आणि पुढचे दोन आठवडे मी डिचोली-वेर्णा, हायवेवर, त्या विकतच्या पट्ट्यांवर गेलो-आलो. हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मग स्पर्धा. सुटण्याआधी स्क्रुटिनी असते, गाडी आणि सामान तपासतात. तपासणीला एक साठीतले गृहस्थ होते. त्यांनी आत वाकून खांद्याचा पट्टा एका हाताने हिसडला. ॲडजस्टरमधून पट्टा चार बोटं सरकला. परत आवळला, परत हिसडला, परत सरकला.

"कुणी दिलं हे?"

मी अभिमानाने लेबल दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मोठ्याने वाच."

मी वाचलं, "८८५५-१९९९."

"हा सीटचा नंबर. पट्ट्यावर काय करतोय?"

सीटसाठीचं एफआयएचं मानक ८८५५-१९९९, हार्नेसचं ८८५३. माझ्या सीटवर आणि हार्नेसवर एकच लेबल होतं, एकाच छपाईतलं, एक चिकटवलेलं आणि एक शिवलेलं. होमोलोगेशन, म्हणजे अधिकृत मान्यता, या इंग्रजी शब्दातला एक ओ गळालेला. उत्पादनाचं साल कुठेच नाही. हे सालच महत्त्वाचं असतं, कारण ८८५५च्या सीटची मुदत बनवल्यापासून पाच वर्षं, आणि पट्ट्यांनाही मुदत असते. ऊन आणि घाम लागून पट्ट्याचा धागा कमजोर होत जातो. आपल्याकडच्या हवेत तर चांगली दोरीही टिकत नाही. म्हणजे माल समजा अस्सल असता आणि खरंच कुठल्या रॅलीतून उतरवलेला असता, तरी तो का उतरवला, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

त्यानंतर त्यांनी मागची सीट उचलायला लावली. खांद्याचे पट्टे मागे जाऊन सीटखाली तळाच्या पत्र्यात अडकवलेले. कशात? तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो हूक. व्हरांड्यात कपड्यांची दोरी बांधायला आपण भिंतीत ठोकतो ना, तोच, जस्ताचा मुलामा दिलेला. पत्र्याला भोक पाडून हूक खालून नटने आवळलेला, पत्रा फाटू नये म्हणून पाठीला जाड प्लेट लागते ती नाही, फक्त रुपयाएवढा वॉशर. दोन आठवड्यांच्या पावसात नट तांबूस झाला होता, आणि हुकाचं तोंड नखभर उघडलेलं. बेल्टचे बोल्ट सात-सोळांश इंचाचे, जाड, खास पोलादाचे असतात. त्यांनी शेजारच्या गाडीतला काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका हातात तो, दुसऱ्या हातात माझा हूक. वजनानेच सगळं कळलं.

त्यांनी न रागावता आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा देतो. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, थोडा उतार चालतो, पण ४५ अंशांच्या पलीकडे कधीच नाही. माझे सरळ खाली गेलेले. धक्का बसला असता तर त्यांनी मला मागे धरण्याऐवजी खाली दाबलं असतं, आणि सगळा भार मणक्यावर. दुसरं, मांड्यांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे आवळले की कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो. तो कमरेच्या हाडांवर बसायला हवा, पोटावर आला तर आतले अवयव कापतो.

मी विचारलं, मग अस्सल घेऊन नीट बसवला तर? ते म्हणाले, "गाडीत रोलकेज आहे?" नव्हता. रोलकेज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा. तो नसलेली गाडी उलटली की छत खाली येऊ शकतं. साध्या बेल्टमध्ये माणूस निदान बाजूला कलू शकतो. हार्नेसने ताठ बांधलेला माणूस हलत नाही, छत डोक्यावर येतं. म्हणजे केज नसलेल्या रोजच्या गाडीला हा माल विकायलाच नको होता. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

गाडी बाद. जुनी सीट घरी डिचोलीला. प्रवेश फी बुडाली.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्या दिवशी "दादा, बघतो." दुसऱ्या दिवशी "कंपनीशी बोलतो." तिसऱ्या दिवशी फोन बंद. पाचव्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून एक गोड आवाज. तुमचा रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका. रिफंड हा शब्द ऐकून माझी अक्कल दुसऱ्यांदा रजेवर गेली. स्कॅन केलं, पिन टाकला, पाच हजार गेले. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त जायला लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असून टाकला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण दुसऱ्या दिवशी. तो त्याच तासाला करायला हवा होता, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता आले तर येतात. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पाच हजारांचं पुढे काही झालेलं नाही. सीटच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फीसुद्धा नाही. पण माझ्याकडे बिल कुठे? टॅक्स वाचवला होता ना.

आता ज्या घसरण्यापायी हे रामायण झालं, त्याचं काय ते सांगतो. फोंड्याला आमचा एक मेस्त आहे, वडिलांच्या वेळचा. कंपनीची सीट परत बसवायला त्याच्याकडे गेलो. त्याने सीटवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला, "हे रेक्झिन कुणी चढवलं?" गाडी घेतली तेव्हाच शोरूममधून चढवून घेतलं होतं, सीट मळू नये म्हणून. त्याने ब्लेडने टाके उसवले आणि कव्हर सोलून काढलं. खाली कंपनीचं खरखरीत कापड, बारा वर्षांत ऊन न लागलेलं. "बस आता." बसलो. अर्धं घसरणं तिथेच संपलं. गोव्याच्या घामात रेक्झिनवर बसून वळणं घ्यायची म्हणजे ओल्या फरशीवर साबणाने चालायचं.

उरलेलं अर्धं त्याने बेल्टमध्ये काढलं. सीट दोन खाचा मागे घ्यायची. बूड पाठीला पूर्ण टेकवून बेल्ट लावायचा, कमरेचा भाग खाली हाडांवर ओढून घ्यायचा. मग खांद्याचा पट्टा सावकाश नाही, एकदम हिसडायचा. आतलं रीळ धक्क्याने अडकतं, अपघातात अडकतं तसंच. ते अडकलेलं असताना, ताण न सोडता, सीट पुढे आपल्या जागेवर घ्यायची आणि खाचेत टक्कन बसली ना ते हलवून पाहायचं. पट्टा छातीवर असा बसतो की खोल श्वास घेताना जाणवतो. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे, आणि छाती स्टेअरिंगपासून वीतभराहून जास्त, २५ सेंटिमीटर तरी लांब. माझा पहिल्या वेळी ताण सुटला, रीळ मोकळं झालं, परत पहिल्यापासून. चौथ्या खेपेला जमलं.

व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली गाडीत आणलेला तो तीन-बिंदू पट्टा. माझ्या खांद्यावर बारा वर्षं होता.

बाकी किरकोळ. दाराला गुडघा लागतो तिथे फोमचा तुकडा, म्हणजे आता काचेचं बटणही दबत नाही. क्लचच्या डावीकडे पाय रेटायला ॲल्युमिनियमची पट्टी, कारण वळणात शरीर खरं सावरतं ते डाव्या पायाने, हातांनी नव्हे. मेस्ताने सगळ्याचे मिळून चारशे रुपये घेतले, तेही फोम आणि पट्टीचे. तळाच्या पत्र्याची भोकं वेल्ड करायचे वेगळे सहाशे झाले, ती त्या हुकांची.

परवा एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "हा माल कसा आहे? उद्या सकाळपर्यंतच ठेवतो म्हणाला." खाली फोटो. लाल सीट, चार पट्टे, चकचकीत लेबल, किंमत आता सोळा हजार. सीटवर एक माणूस अंगठा वर करून बसलाय, चेहरा स्टिकरने झाकलाय. स्टिकर लावताना आरशाला लटकणारी माझ्या आईने दिलेली शांतादुर्गेची तसबीर झाकायची राहून गेली. खाली लिहिलंय, समाधानी ग्राहक, गोवा.