सियागंजातले वाइंडिंगचे दुकान : पवनचक्कीच्या कॉइल्सचा अनुभव

इंदूरच्या सियागंज परिसरात विजेच्या मोटारींचे रिवाइंडिंग (जळालेली तार काढून नवी गुंडाळणे) करणाऱ्या दुकानांची वाण नाही. माळव्यातल्या विहिरींवरच्या आणि बोअरवेलमधल्या जळालेल्या मोटारी तिथे वर्षभर येत असतात. अशाच एका आतल्या गल्लीतल्या दुकानातून मी शेतावरच्या छोट्या पवनचक्कीच्या जनित्रासाठी नऊ कॉइल्स, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, गुंडाळून घेतल्या. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या मोठ्या पवनचक्क्या पाहून आपणही एखादी उभारावी असे इकडे पुष्कळांच्या मनात येते, परंतु पाती कोरून झाली की गाडी कॉइल्सपाशी अडते. म्हणून या दुकानाविषयी जरा विस्ताराने लिहितो.

दुकानाचे मालक मराठीच आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. मी आकृती पुढे केली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून आधी विचारले, "चुंबके आणली आहेत का? ती हातात घेतल्याशिवाय मी फर्मा करणार नाही." या एका प्रश्नावरून मला दुकानाची पारख झाली. त्यांनी चुंबक कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने त्याची कड आखली आणि बरोबर त्याच मापाचा, म्हणजे ४६ बाय ३० मिलिमीटरचा, गोलसर कोपऱ्यांचा लाकडी ठोकळा फर्म्यासाठी, म्हणजे ज्यावर कॉइल गुंडाळतात त्या साच्यासाठी, कापला. कॉइलच्या मधले भोक चुंबकाएवढे असावे, हे त्यांना सांगावे लागले नाही.

हे माप इतके महत्त्वाचे का, ते सांगतो. माझ्या जनित्रात पात्यांबरोबर फिरणाऱ्या दोन लोखंडी तबकड्या आहेत, प्रत्येकीवर आळीपाळीने उत्तर-दक्षिण अशी बारा निओडिमियम चुंबके आहेत आणि मधल्या फटीत नऊ कॉइल्सची स्थिर चकती बसते. चुंबकांच्या मध्यरेषेवरचा परीघ सुमारे ८०० मिलिमीटर असल्याने दोन चुंबकांच्या मध्यांतले अंतर ६७ मिलिमीटर आणि दोन कॉइल्सच्या मध्यांतले ८९ मिलिमीटर येते. कॉइलची एक बाजू उत्तर ध्रुवाखाली असताना दुसरी दक्षिण ध्रुवाखाली असली, तरच दोन्ही बाजूंचा विद्युतदाब (व्होल्टेज) एकमेकांत मिळतो. भोक फार लहान ठेवले तर आतल्या वेढ्यांच्या दोन्ही बाजू एकाच ध्रुवाखाली येऊन एकमेकींना मारतात, आणि फार मोठे ठेवले तर तांब्याला जागाच उरत नाही. बारा चुंबकांना नऊ कॉइल्स ठेवल्या म्हणजे पहिली, चौथी आणि सातवी एकाच वेळी एकाच स्थितीत येतात आणि त्यांचा एक फेज, म्हणजे एकदम चढणारा-उतरणारा एक गट, होतो. उरलेल्या सहांचे याच रीतीने दोन फेज पडतात. बाराला बारा ठेवल्या असत्या, तर सगळ्या एकदम भरल्या आणि एकदम रिकाम्या झाल्या असत्या, आणि भार पडताच खांब थरथरला असता.

तारेच्या वेढ्यांचा हिशेब मात्र दुकानदारावर सोडू नये, तो आपला आपण करून न्यावा. माझ्या पात्यांचा व्यास २.४ मीटर आहे, त्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट धरला आहे, म्हणजे सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात ती मिनिटाला साधारण १४० फेरे घेतात आणि तिथूनच २४ व्होल्टची बॅटरी भरू लागावी अशी अपेक्षा आहे. त्यासाठी स्टार जोडणीत (तिन्ही फेजांची एकेक टोके एकत्र बांधून) दर कॉइलला सुमारे ऐंशी वेढे लागतात; १२ व्होल्टला निम्मे आणि ४८ ला दुप्पट. वेढे जास्त झाले तर जनित्र फार लवकर भार घेते आणि पाती दबून वेगच धरत नाहीत. कमी झाले तर हलका वारा नुसता वाया जातो.

प्रत्यक्ष गुंडाळणी पाहण्यासारखी होती. एका जाड तारेऐवजी १८ गेजच्या (जाडीच्या क्रमांकाच्या) दोन इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप दिलेल्या, तारा जोडीने घेतल्या, कारण जाड तार कोपऱ्यावर फुगते. प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकावर लाल स्लीव्ह (वीजरोधक नळी) आणि शेवटच्या टोकावर काळी, आणि सर्व कॉइल्स एकाच दिशेने. ही शिस्त जपली नाही आणि फेजमधली एखादी कॉइल उलटी जोडली गेली, तर तिघींचा दाब एकीएवढाच उरतो. शेवटी कारागिराने प्रत्येक कॉइल काट्यावर ठेवली. एक सोडून सगळ्या चारशे ग्रॅमच्या आसपास एकसारख्या भरल्या. ती एक हलकी निघाली, ती त्यांनी न सांगता उलगडून पुन्हा केली. एका कॉइलचा रोध ओहमच्या सातव्या हिश्शाएवढा असल्याने साध्या मल्टिमीटरला तो नीट दिसत नाही. तोलण्याची ही पद्धत साधी आहे आणि तिच्यावर मला अधिक भरवसा वाटतो.

तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. जाडी १३ मिलिमीटर सांगितली असताना तीन कॉइल्स १४ च्या वर भरल्या. मोटारीच्या स्लॉटमध्ये (खाचांत) ठोकून बसवायच्या वाइंडिंगला एवढ्याने काही होत नाही, पण इथे सर्वांत जाड कॉइल चकतीची जाडी ठरवते. तबकड्यांमधली फट दोन मिलिमीटरने वाढली की चुंबकीय क्षेत्र पाच-सहा टक्क्यांनी घटते, आणि दाबही तेवढाच घटतो. काकांनी त्या तीन कॉइल्स दोन फळ्यांत शिकंज्याने दाबून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तरीही फर्म्याच्या दोन गालांमधले, म्हणजे बाजूच्या फळ्यांमधले, अंतर आधीच व्हर्नियरने (सूक्ष्म मापपट्टीने) तपासून घ्यावे आणि गुंडाळताना आपण समोर असावे.

तांब्याचा भाव त्या दिवशीचा लागतो, मजुरी वेगळी. नऊ कॉइल्सना साडेतीन किलोहून जास्त तांबे जाते, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग तिथेच आहे. रबीच्या ऐन हंगामात मात्र जाऊ नये, कारण गव्हाच्या पाण्यासाठी मोटारींचा ढीग पडलेला असतो आणि आपले काम मागे राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये गेल्यास काका निवांत असतात, आणि मेपासून माळव्यात वारा वाढतो त्याआधी कॉइल्स रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून चकती तयार करायला आणि जनित्र खांबावर चढवायला पुरेसा अवधी मिळतो.