डी जीवनसत्त्व: आठवड्याची पुडी की रोजची गोळी?

गणपतीला आलेला चाकरमानी हल्ली मिठाईसोबत आईबापांसाठी गोळ्याही आणतो. देवगडच्या आमच्या काकूंकडे अशाच डी जीवनसत्त्वाच्या पुड्या आल्या, एकेक ६०,००० युनिटची. घ्यायची आठवड्याला एक. काकू रोज रात्री दुधात ढवळून पीत होत्या. दहाव्या दिवशी सुनेनं रिकामी पाकिटं मोजली, तेव्हा घरात धावपळ झाली. डॉक्टरांनी पुड्या थांबवल्या आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते ठीक निघालं, नशीब.

पुडीत आणि गोळीत औषध तेच, फरक आकड्याचा. निरोगी प्रौढाला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतात आणि स्वतःच्या मनानं ४,००० च्या वर जायचं नसतं. आठवड्याची पुडी सात दिवसांत वाटली तरी रोजचे साडेआठ हजार होतात. म्हणजे ती उपचाराची मात्रा. रक्ततपासणीत पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली आली, तर डॉक्टर ती बहुधा आठ आठवडे देतात. १,००० युनिटची रोजची गोळी मात्र एखाद्या दिवशी चुकली किंवा विसरून दोनदा घेतली, तरी बिघडत नाही.

जास्तीचं सी जीवनसत्त्व बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठतं. ते फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे मुतखडा. म्हणून मुतखडा होऊन गेलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी काय, गोळीही सुरू करू नये.

कुणी कॉड माशाच्या तेलाची कॅप्सूल सुचवतं. तिच्यात ए जीवनसत्त्वही असतं आणि ते जास्त झालं तर पोटातल्या बाळाला घातक. गरोदर बाईला ती परस्पर देऊ नका. तारली-बांगड्यातही थोडं डी असतं, ते कालवणातून खुशाल खा.

पुडी असो वा गोळी, रिकाम्या पोटी नको. जेवणातल्या तेलातुपाबरोबर ती चांगली अंगी लागते.

माझं मत? तपासणीत कमतरता दिसली असेल आणि घरात हिशेब ठेवणारं माणूस असेल, तर आठ आठवडे पुडी. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसाला, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रोजची गोळी. काकूंच्या उरलेल्या पुड्या सुनेनं कपाटात कुलूपबंद केल्यात.