एसीवाल्या मारुती 800 ला 65 अँपिअरचा डायनामो : सात महिन्यांनंतर

गाडी 2004 ची. इंजिनाच्या बेल्टवर फिरून गाडीची वीज बनवतो आणि बॅटरी चार्ज करतो त्याला अल्टरनेटर म्हटलं तर परभणीतला मिस्त्री क्षणभर थांबतो, म्हणून मीही डायनामोच म्हणतो. आधीचा 45 अँपिअरचा होता. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या खाल्ल्या, आणि दर वेळी उत्तर एकच : "डायनामो ओके आहे काका, बॅटरीच बसली." ऑक्टोबरात कंटाळून 65 चा बसवला.

हेडलाइटचे दोन बल्ब अप्परवर 60-60 वॉटचे, म्हणजे तिथंच 10 अँपिअर. वर एसीचा क्लच, ब्लोअर, पुढचे पंखे, पेट्रोल पंप, इग्निशन. माझा हिशेब 35 च्या पुढे गेला. मग 45 पुरायला हवा की! गोम अशी, की डायनामोच्या पट्टीवर छापलेला अँपिअरचा आकडा तो मिनिटाला 6000 च्या आसपास फेरे घेतो तेव्हाचा असतो. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो जेमतेम 1800-2000 फिरतो आणि निम्म्याच्या आसपास देतो. बाकीचं बॅटरीतून. हिवाळ्यात गंगाखेड रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो की लाइट पिवळे पडायचे ते यामुळंच.

जुन्यावर सगळं चालू ठेवून आयडलला बॅटरीवर 12.3 व्होल्ट दिसायचे. नव्यावर 13.2. अपेक्षेपेक्षा कमीच, पैसे पाण्यात गेले असं वाटलं. मग मीटरची लाल पिन थेट डायनामोच्या बोल्टला लावली, तर 13.9! मधले 0.7 व्होल्ट वीस वर्षांची वायर आणि तिच्या टोकाचं हिरवं पडलेलं थिंबल (वायर बोल्टला जोडणारी कडी) गिळत होतं. विकणाऱ्यानं वायरचा शब्दही काढला नव्हता. 16 स्क्वेअर एमएमची वायर, बॉडीची नवी अर्थिंग आणि त्या मापाचा मेन फ्यूज टाकला, तेव्हा बॅटरीवर 13.7 आले. खरं सांगायचं तर वायर आधी बदलली असती तर जुन्यावरही बरंच भागलं असतं.

कुरबूर एकच, बेल्टची. थंडीत एसी लावला की किंचाळायचा. मिस्त्रीनं करकचून ताणला, मी पुन्हा थोडा सैल करून घेतला. फार ताणला तर बेअरिंग जातं. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक जाणवला नाही.

मे महिन्यात भर दुपारी तासभर चालवून मोजलं, 13.4. घाबरू नका. तांबं तापलं की डायनामो कमी देतो, आणि कट-आउटही (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गरमीत व्होल्टेज थोडं खालीच ठेवतो.

बिनएसीच्या 800 ला मात्र हा खर्च करू नका. डायनामोतले कार्बन (ब्रश) बघा, वायर बदला, तेवढं पुरतं.